चौदा नंबरचं कार्ड

मेट्रनबाईंना निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, ही गोष्ट त्या सोडून सगळ्यांना माहीत होती. मिशनच्या दवाखान्यात छत्तीस वर्षं काढलेली बाई घरी बसून करणार काय, तर डब्यांना लेबलं लावणार. त्यांच्या घरात मिठाच्या बरणीवरसुद्धा तारीख असायची. त्यामुळे पूर ओसरला, खालच्या वस्तीतलं पिण्याचं पाणी नासलं आणि जुलाब-उलट्यांची साथ आली, तेव्हा पाळकसाहेबांनी चर्चमधल्या उपासनेनंतर स्वयंसेवक मागायला तोंड उघडायच्या आत बाईंची पिशवी भरून दाराशी तयार होती.

दवाखाना थाटला होता एका शाळेत. तीन वर्गांत मिळून बावीस खाटा. खाटा म्हणजे मधोमध भोक पाडलेलं कॅनव्हास आणि खाली बादली. या आजारात माणसाला उठून जाण्याएवढी ताकद राहत नाही, तेव्हा लाजेला रजाच द्यावी लागते. हात धुवायचे नळ लहान मुलांच्या उंचीचे. दिवसातून पन्नास वेळा वाकून वाकून सगळ्यांच्या कमरा धरल्या होत्या. दारात क्लोरीनच्या पाण्याचं घमेलं, त्यात बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल टाकलं की बाईंचा आवाज आलाच म्हणून समजा.

माणसं सगळी मिळून अकरा. डॉक्टर वयाने बाईंच्या मुलाएवढा. शिकाऊ असताना त्याला टाके घालायला बाईंनीच शिकवलेलं, त्यामुळे तो कागदोपत्री त्यांचा साहेब आणि प्रत्यक्षात त्यांना टरकून. पाळकसाहेब बादल्या उचलायचे. रविवारी आशीर्वादाला वर होणारे तेच हात, पण माणसाने कधी नाक मुरडलं नाही. एक कंपाउंडर होता, अंगाने आडवा आणि स्वभावाने लोण्यासारखा. बाकीचे कोणी पाणी उकळणारे, कोणी रुग्ण उचलणारे, कोणी स्वयंपाक बघणारे.

आणि सूनबाई. ती बाईंची खरीखुरी सून, पण आठ दिवसांत सगळी टीमच तिला सूनबाई म्हणायला लागली होती. ती एका चष्म्याच्या दुकानात काम करायची. दवाखान्याशी तिचा संबंध एवढाच, की डॉक्टरांनी लिहून दिलेले नंबर ती वाचायची. कामाला सावकाश. एक चमचा मीठ मोजायचं तर चमच्यावरून सुरी फिरवून, डोळ्याशी धरून, मग पाण्यात. बाईंना ते बघवत नसे. त्यांना मनातून पक्कं ठाऊक होतं, की हिला मुलाने पाठवलंय, आईवर नजर ठेवायला. म्हातारी झाली ना आई. तिला एकटं कसं सोडायचं.

"तुझ्या नवऱ्याला फोन करून सांग, आई अजून जिवंत आहे," त्या रोज सकाळी तिला टोमणा मारायच्या.

"सांगते आई," ती म्हणायची आणि मीठ मोजत राहायची.

आता त्या कार्डांचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. कागदाचा तुटवडा होता, म्हणून बाईंनी एक युक्ती काढली होती. रुग्ण आला की एकच कार्ड लिहायचं आणि मधोमध फाडून दोन तुकडे करायचे. वरच्या तुकड्यावर कामाचं: खाट नंबर, सलाईनच्या किती बाटल्या गेल्या, बादलीत किती पडलं, लघवी झाली का. हा तुकडा भोक पाडून, दोऱ्याने खाटेला बांधायचा. खालच्या तुकड्यावर रुग्णाचं नाव आणि त्याला देवाकडे काय मागायचंय ते. कोणी म्हणे, माझी म्हैस सापडू दे. कोणी म्हणे, भावाला कळू दे मी इथे आहे. हा तुकडा एका पत्र्याच्या डब्यात टाकायचा. दुपारी दोनला पाळी बदलताना सगळे अंगणात गोल उभे राहायचे, डबा फिरायचा, प्रत्येकाने एक तुकडा उचलायचा आणि खिशात ठेवायचा. कोणाच्या वाट्याला कोण आलं, हे एकमेकांना सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशीच्या दोनपर्यंत काम करता करता त्या माणसासाठी प्रार्थना करायची.

आणि माणूस बरा झाला, की त्याचा वरचा तुकडा फायलीत जायचा आणि खालचा शोधून काढून खाटेला बांधला जायचा. त्याने तो घरी न्यायचा. खाटेला खालचा तुकडा दिसला म्हणजे हा सुटला, जागा मोकळी करा, हे टीममधल्या कोणालाही झोपेतसुद्धा समजलं असतं.

नियमही बाईंचाच होता. कार्डाची चूक ज्याच्या हातून होईल त्याने संध्याकाळच्या टेंपोने घरी जायचं. टेंपो रोज साडेपाचला औषधं घेऊन यायचा आणि रिकामा परत जायचा. पहिल्याच दिवशी एका मुलीने दोन खाटांचे तुकडे अदलाबदल केले होते. वाईट काही झालं नाही, वेळेवर लक्षात आलं. तरी बाईंनी तिला टेंपोत बसवलं. ती रडत होती, डॉक्टर मध्ये पडायला बघत होता, पण बाई म्हणजे एक घाव दोन तुकडे. "रडायचं असेल तर घरी रड, इथे माणसं मरतात," म्हणाल्या. त्यानंतर चूक झाली नव्हती.

नवव्या दिवशी सकाळी दहाला एकदम सतरा जण आले. वस्तीच्या वरच्या अंगाची विहीरही नासली होती. खाटा कमी, माणसं व्हरांड्यात आडवी. बाई एका हाताने सलाईनची बाटली वर धरत होत्या, दुसऱ्या हाताने लिहीत होत्या, दातांनी दोरा तोडत होत्या. चौदा नंबरला एक शिंपीकाका आले. साठी उलटलेले, डोळे खोल गेलेले, बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली, पण तोंड चालू.

"बाई, तुमच्या ॲप्रनची डावी बाही आखूड आहे," ते म्हणाले. "कुणी शिवलाय?"

"सरकारने," बाई म्हणाल्या. "गप्प पडा. देवाकडे काय मागू तुमच्यासाठी?"

"माझं मशीन पाण्यात गेलंय. ते नको. पोरगी लांब असते, तिला यायला रस्ता मोकळा होऊ दे."

बाईंनी लिहिलं, कार्ड फाडलं, बांधलं, टाकलं, आणि पंधरा नंबरकडे वळल्या. दीड वाजेपर्यंत त्या अशाच पळत होत्या. मग सूनबाईने येऊन त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली. "आई, तासभर पडा. पहाटे चारपासून उभ्या आहात." बाई दोन शब्द बोलल्याच, पण पडल्या, आणि पडल्या त्या मेल्यासारख्या झोपल्या.

जाग आली ती सूनबाईच्या हाकेने. एरवी तोंडातून शब्द न फुटणारी ही पोर व्हरांड्यातून डॉक्टरांना हाका मारत होती. बाई अनवाणी धावल्या. बरे झालेले लोक घरी जायची वाट बघत बसायचे त्या बाकाखाली शिंपीकाका वाकडे पडले होते. हातात सलाईन नव्हतं. नाडी मनगटाला लागत नव्हती.

पुढचा पाऊण तास काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही; ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. डॉक्टरने एका हाताला सुई लावली, बाईंनी दुसऱ्या. पाळकसाहेबांनी दोन्ही बाटल्या डोक्यावर धरल्या आणि त्यांचे ओठ हलत राहिले. कंपाउंडर पाय चोळत होता आणि रडत होता. तिसरी बाटली संपता संपता काकांनी डोळे उघडले, समोर कोण आहे ते पाहिलं आणि पुन्हा मिटले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

मग चौकशी. घड्याळात पाच वाजायला आले होते.

कंपाउंडरने सांगितलं, की अडीचला तो फेरी मारत तिथे आला तेव्हा चौदा नंबरच्या बाटलीतलं सलाईन संपलेलं होतं आणि खाटेला खालचा तुकडा होता. "मला वाटलं, सुटले. खाली जमिनीवर माणसं पडलेली. मी म्हणालो, काका, बरे झालात की. ते म्हणाले, तुम्ही म्हणता तर झालो असेन. सुई काढली आणि बाकावर नेऊन बसवलं."

"आणि वरचा तुकडा?" डॉक्टरने विचारलं.

सूनबाईने ॲप्रनच्या खिशातून तो काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

तिच्याकडे कार्डांचं काम तीन दिवसांपूर्वीच आलं होतं. बरे झालेल्यांचे तुकडे बदलायचे, फायलीत लावायचे. म्हणजे काय झालं असेल ते उघड होतं. हिने गोंधळात भलत्याच खाटेचा वरचा तुकडा सोडवला आणि खालचा बांधला.

"हा तुझ्याकडे कसा आला?" बाईंनी विचारलं.

"होता माझ्याकडे," ती म्हणाली.

"म्हणजे काय, होता? चष्म्याचं दुकान आहे का हे? नंबर चुकला तर दुसरी काच बसवू? अगं, माणूस गेला असता. घरीदारी सगळीकडे तुझं असंच, निम्मं लक्ष इथे, निम्मं कुठे ते देवाला ठाऊक." बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला की थांबायचा नाही. सूनबाई खाली बघत उभी होती. आपली बाजू मांडली नाही.

डॉक्टर हळूच म्हणाला, "तिनेच काकांना शोधून काढलं, मेट्रन."

"मग काय आरती ओवाळू? नियम तो नियम. सून माझी असली म्हणून काय झालं? टेंपो येतोय. पिशवी भर." आणि त्यांनी डॉक्टरच्या हातातला तुकडा जवळजवळ हिसकावूनच घेतला, फायलीत लावायला.

खोलीत जाऊन फाईल उघडली. तुकडा लावायला भोक शोधलं. भोक नव्हतं.

बाईंनी तुकडा उलटा करून पाहिला. उजेडात धरला. चार कोपरे कोरे. जो तुकडा दोऱ्याने खाटेला बांधला होता त्याला भोक असणारच. याला नव्हतं. म्हणजे तो कधी खाटेला बांधलाच नव्हता. त्या चौदा नंबरकडे गेल्या. खाटेच्या दांडीला, नव्या रुग्णाच्या कार्डाशेजारी, अजून काकांचा खालचा तुकडा लोंबत होता, "मुलीला यायला रस्ता मोकळा व्हावा", अक्षर त्यांचं. आणि गाठ. बँडेज बांधायची ती चपटी गाठ त्या शाळेत एकच व्यक्ती बांधायची. दुसऱ्या कोणी तशी बांधायला गेलं, तर बाई ती सोडून स्वतःच पुन्हा बांधायच्या.

सकाळी त्यांनीच खालचा खाटेला बांधला होता आणि वरचा डब्यात टाकला होता. दोनला डबा फिरला आणि तो सूनबाईच्या हाती आला. तिने काही केलंच नव्हतं.

बाई नळाशी गेल्या आणि हात धुवायला लागल्या. धुतलेलेच हात पुन्हा धुतले. उजव्या हाताचा अंगठा वर्षभर अधूनमधून थरथरायचा. तो त्या कधी हातातल्या चिमट्याखाली, कधी खिशात, कुठेतरी दडवायच्या. कोणाला सांगितलेलं नव्हतं. आज ही चूक कबूल केली, की लोक म्हणणार, बाई थकल्या. वाईट मनाने नाही, मायेनेच म्हणणार, आणि तेच सोसवणार नव्हतं. पुन्हा कुठल्या साथीत, कुठल्या पुरात त्यांना कोणी बोलावणार नाही. मग उरलेलं आयुष्य बरण्यांना लेबलं लावत काढायचं.

दुसरीकडे काय, तर सूनबाई टेंपोत बसून जाईल. ती तरुण आहे. तिचं दुकान आहे, नवरा आहे. चार दिवसांनी विसरेल. भोकाचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, येणारही नव्हतं. फायलीला लावताना एक भोक पाडलं की झालं.

हा विचार मनात आला, तसा त्यांना स्वतःचाच राग आला. बाईंच्या प्रार्थना एरवी पाळी सोपवताना देतात त्या अहवालासारख्या असायच्या, मोजक्या आणि क्रमवार. त्या नळाशी वाकलेल्या असतानाच म्हणाल्या, "प्रभू, चूक माझी आहे. मला सांगायचं नाहीये. मला इथून जायचं नाहीये. तरी तू मला तोंड उघडायला लाव." नळ बंद केला. अंगणात टेंपो आल्याचा आवाज झाला.

औषधांचे खोके उतरवायला सगळे जमले होते. सूनबाई पिशवी घेऊन पायरीशी उभी. बाईंनी मधोमध जाऊन तो तुकडा वर धरला.

"याला भोक नाही," त्या म्हणाल्या. "बघून घ्या सगळ्यांनी. हा खाटेला बांधलाच गेला नव्हता. मी सकाळी तुकड्यांची अदलाबदल केली. हा डब्यात टाकला आणि प्रार्थनेचा खाटेला बांधला. गाठ माझी आहे. सूनबाईचा काही दोष नाही, कंपाउंडरचाही नाही. मी तिला सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोरच सांगते."

पाळकसाहेबांनी हातातला खोका खाली ठेवला. म्हणाले, "बाई, काका व्हरांड्यात बसले होते तेव्हा मी दोनदा त्यांच्यासमोरून बादल्या घेऊन गेलो. बरं वाटतंय ना, विचारलं आणि उत्तर ऐकायला थांबलो नाही."

"ते तुमचं तुम्ही देवाला सांगा," बाई म्हणाल्या. "माझं मी सांगितलं. शिंपीकाकांची माफी मागून येते आणि निघते. नियम माझाच आहे."

"मी तो नियम मोडतो," डॉक्टर म्हणाला. "मेट्रन, मला तुमची गरज आहे."

"त्या मुलीच्या वेळी नव्हता मोडला तुम्ही. मी मोडू दिला नव्हता. ती रडत गेली. आज माझ्यासाठी मोडलात, तर उद्या तिला काय तोंड दाखवू?"

बाई आत गेल्या. काका डोळे मिटून होते, पण बाई बोलायला लागल्या तेव्हा त्यांनी ऐकलं. सगळं ऐकून घेतलं. नुसती मान हलवली. ती माफीची होती की ग्लानीची, कळायला मार्ग नव्हता. बाईंनी चादर सारखी केली, पिशवी घेतली आणि टेंपोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. पाच मिनिटांनी त्यांच्याच बाजूचं दार उघडलं आणि सूनबाई पिशवीसकट आत शिरली.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर आले होते, तुमच्याबरोबर जाणार."

"वेडी आहेस का? तुझी चूक नाही, सांगितलंय मी. जा, खाली उतर. तिकडे मीठ मोजायला कोणी नाही."

"तुम्ही उतरलात तर उतरते."

ड्रायव्हर मोठा शहाणा माणूस. दोघींच्या बाजूला अंग चोरून बसला होता, तो म्हणाला, "मी जरा चाकांतली हवा बघतो," आणि पसार झाला.

बाई समोरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "तुला माहीत होतं?"

"डब्यातून काढला तेव्हा तुमचं अक्षर ओळखलं. मला वाटलं, काकांनी देवाकडे काही मागितलंच नसेल, म्हणून तुम्ही हाच टाकलात. त्यावर लिहिलं होतं, लघवी नाही. मग मी तेच मागितलं. पाणी ढवळता ढवळता म्हणत होते, देवा, चौदा नंबरला लघवी होऊ दे." ती किंचित हसली. "हसू नका. मला तुमच्यासारखी मागणी करता येत नाही. मग चारला वाटलं, बघून तरी यावं, झाली का. तर चौदा नंबरवर दुसरंच कोणीतरी."

बाईंना हसू आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. या पोरीने मागितलं म्हणून ती बघायला गेली, आणि बघायला गेली म्हणून माणूस वाचला. आणि आपण तिला सगळ्या टीमसमोर सोलून काढलं.

"मग मी बोलत होते तेव्हा तोंडाला कुलूप का लावलंस?"

"सगळ्यांसमोर तुमची चूक कशी काढू, आई?"

"माझ्यावर नजर ठेवायला पाठवलं त्याने तुला. मग सांगायचं होतं ना त्याला फोन करून, की आईचे हात आता चालत नाहीत."

"ह्यांनी नाही पाठवलं," सूनबाई म्हणाली. "ते नकोच म्हणत होते. मीच हट्ट केला. लग्न होऊन सहा वर्षं झाली, तुम्ही घरात नुसत्या लेबलं लावताना दिसता. लोक येऊन सांगतात, तुझ्या सासूने माझ्या मुलाला वाचवलं, माझ्या आईला वाचवलं. मला एकदा तुम्हाला काम करताना बघायचं होतं. बाकी काही नाही."

चूक कबूल करताना त्यांची मान ताठ होती. कोणी रागावलं असतं, तरी ताठच राहिली असती. पण हे असं प्रेम पदरात पडलं, तर त्याचं करायचं काय, हे छत्तीस वर्षांत त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी सूनबाईचा हात धरला आणि नुसता धरून ठेवला.

एवढ्यात कंपाउंडर पळत आला. एवढा आडवा माणूस पळतो तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. "काकांना उलटी झाली, हात झटकले, दोन्ही सुया निघाल्या. डॉक्टरांनी तीनदा टोचलं, शीर मिळत नाही." तो दम खात थांबला. "आणि काका त्यांना हात लावू देत नाहीत आता. म्हणतात, मेट्रनबाईंना बोलवा."

"मला?"

"म्हणाले, त्यांना सांग, मी मान हलवली ती नीट बघितली नाही त्यांनी. माफ केलंय. पण माझा धागा त्यांनी उसवलाय, तर तो त्यांनीच शिवायचा. दुसऱ्याच्या हातात मी माझं काम देत नाही."

बाई आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. तो थरथरत होता, चांगला दिसेल असा. सूनबाईने तो पाहिला, आणि आपण पाहिला हे बाईंना दिसू दिलं.

"मी हात धरते," ती म्हणाली. "चला."

दारात दोघींनी बूट बुडवले. डॉक्टर खाटेजवळून बाजूला सरला. काकांचा हात सूनबाईने कोपराशी धरला, आणि तिचा दुसरा हात बाईंच्या मनगटाखाली, टेकू दिल्यासारखा. मीठ मोजताना असायची तशीच ती, अजिबात घाई नाही. बाईंनी शीर डोळ्यांनी शोधायचं सोडून दिलं आणि बोटाने चाचपली. लांब, बारीक, कोपराच्या आतल्या अंगाला होती एक.

"काका, टोचणार आहे."

"टोचा. बाही मात्र आखूडच आहे."

सुई आत गेली. नळीत रक्ताचा ठिपका दिसला आणि सलाईन थेंब थेंब चालू झालं. डॉक्टरने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. पाळकसाहेब बादली उचलून बाहेर गेले. बाईंनी सुईवर चिकटपट्टी लावली आणि सूनबाईला म्हणाल्या, "हात सोडू नकोस अजून," आणि कोणाचा ते सांगितलं नाही.

बाहेर टेंपोवाल्याने हॉर्न दिला. एकदा, मग पुन्हा एकदा. डॉक्टर दाराशी उभा राहून बाईंकडे बघत होता.

"त्याला जा म्हणावं," बाई मान वर न करता म्हणाल्या. "आम्हाला वेळ नाही."